तीन वर्षांचा दाखला

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत मला बास्केटबॉल शिकवणारी म्हणून कमी आणि शिक्केवाल्या मॅडम म्हणून जास्त ओळखतात. केंद्र सरकारची राजपत्रित अधिकारी ना मी. हल्ली स्वतःच सही केलेली प्रत चालते, तरी रविवारी कुणीतरी मार्कशीट घेऊन दारात हजर. मीही चहा बाजूला ठेवून शिक्का मारते.

मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून तिला मी सोसायटीच्या कोर्टवर शिकवलं. ऑफिसच्या आधी, रोज, डिसेंबरच्या धुक्यातही. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळले, पुढे कुणी नेलं नाही, त्याची रुखरुख होतीच. पोरगी माझ्यापेक्षा सवाई निघाली. सतराव्या वर्षी गुरुग्रामच्या एका व्यावसायिक क्लबने तिला बोलावलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

क्लबचा मॅनेजर भारी गोडबोल्या. म्हणाला, "मॅडमजी, लीग का नया रूल है. लोकल ज्युनिअर तयार करणाऱ्या क्लबला बक्षीस आहे. वीसच्या खालच्या तीन मुली हव्यात, तीन वर्षं आमच्याकडेच शिकलेल्या. तुम्ही कोचही आहात, ऑफिसरही. बस, एक दाखला."

तीन वर्षं कसली, तीन आठवडेही झाले नव्हते. पण ऑफिसात मागच्या तारखेच्या कितीतरी कागदांवर मी सह्या केल्यात. फाइल पूर्ण दिसली की झालं, ही आम्हा लोकांची अक्कल. मुलीचं भलं होतंय ना, मग एका कागदाने काय बिघडतं, असं म्हणून मी तिला क्लबनेच तीन वर्षं शिकवल्याचं लिहून दिलं.

बक्षीस काय होतं ते सीझन सुरू झाल्यावर कळलं. यादीत तीन लोकल मुली असल्या की क्लबला एक परदेशी खेळाडू जास्तीची खेळवता येते. ती आली आणि नेमकी माझ्या मुलीच्या जागेवर खेळू लागली. चांगली खेळायची, तिचा बिचारीचा काय दोष. माझी मुलगी मात्र अख्खा सीझन बाकावर बसून होती.

मग दुसऱ्या एका संघाने तिला विचारलं. तिथे ती रोज खेळली असती. फक्त क्लबचं रिलीज लेटर, म्हणजे तिला सोडत असल्याचं पत्र, हवं होतं. आम्ही दोघी गेलो, तर मॅनेजरने माझाच दाखला टेबलावर ठेवला. "तीन साल हमने सिखाया है, मॅडम. तुम्हीच लिहिलंय. ही गेली तर दोनच उरतात, बक्षीस जातं. तिसरी मिळाली की बघू."

घरी आल्यावर बूट काढता काढता मुलगी म्हणाली, "आई, तू मला शिकवलंस हे तूच खोटं ठरवलंस." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडून काय उपयोग होता, पण रडले.

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीला मीच शिकवते, गुणी आहे. क्लबने तिलाही बोलावलं होतं. हातात तोच मजकूर टाइप केलेला कागद.

मी म्हटलं, "वहिनी, नका पाठवू तिला. बाकावर बसवून ठेवतील."

त्यांचा चेहरा पडला. "स्वतःची मुलगी मार्गी लागली, आता आमच्या वेळी नियम आठवले का तुम्हाला? राहू दे मग."

त्या वळल्या, तेवढ्यात माझी मुलगी आतून बाहेर आली. वहिनींना तिने बसायला सांगितलं आणि मला हाताला धरून बाल्कनीत नेलं. दार लोटून घेतलं.

"कर ना सही, आई," ती हळूच म्हणाली. "ती तिसरी झाली की मला सोडतील."

तिने नजर खाली घातली नाही. अशी नव्हती ती.

मी सही केली.