न चिरलेला रोखा

वाईच्या दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस परदेशातल्या डीमन गावी चौथ्या मजल्यावर अडकला, तो करोनाच्या कृपेने. दामोदर सहा आठवड्यांसाठी लेकीकडे आले आणि वर्ष उलटलं तरी तिथेच. घर नुसतं खायला उठायचं. खाली रिकाम्या ट्राम जायच्या आणि हे आपले मनाने वाईच्या रेकॉर्डरूममध्ये. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, लाखेचा वास, साडेचारचा कॅन्टीनचा चहा. काय दिवस होते ते! आठवून जीव कासावीस व्हायचा.

लेक मालिनी युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. विषय काय, तर सातशे वर्षांपूर्वीचे ज्यू सावकार, त्यांच्याकडून कर्ज घेणारे ख्रिस्ती सरदार आणि दोघांची कोर्टातली भांडणं. म्हणजे बापाचीच नोकरी, फक्त पक्षकार मेलेले. जुन्या कागदांचं अर्काइव्ह बंद, म्हणून कागदांचे फोटो लॅपटॉपवर मोठे करकरून वाचत बसायची.

त्या दुपारी तिने एक निकाल वाचून दाखवला. सरदार आर्नोल्टने बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, पैसे फेडले आणि सावकाराने माझ्यासमोर कर्जाचा रोखा सुरीने चिरला. फेडलेला रोखा चिरायची तेव्हा रीतच होती. सावकार योसेफ म्हणत राहिला, दमडी मिळाली नाही. कोर्टाने सरदाराची शपथ मानली. पुढच्याच वर्षी प्लेग आला, त्याचा आळ ज्यूंवर घेऊन त्यांना मारलं, हाकललं. योसेफ परत कुठल्या कागदात दिसला नाही. मालिनीनेही लिहून टाकलं होतं, ‘योसेफचा दावा खोटा.’ सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

“रोखा बघितलास का गं?” दामोदरांनी विचारलं.

“तो दुसऱ्याच दप्तरात निघाला, बाबा. वाचलाय मी.”

“वाचू नकोस. अख्खा दाखव.”

तिने फोटो लहान केला. रोखा कडेपासून कडेपर्यंत धड होता. सुरीचा कुठे ओरखडासुद्धा नाही.

मालिनी बघतच राहिली. “मी मेली अक्षरंच वाचत बसले. खोटं सरदार बोलला.” तिने ते वाक्य पुसलं. “सोमवार गेला खड्ड्यात. सगळं परत लिहिते. पण तुम्हाला कसं सुचलं?”

दामोदरांनी चष्मा काढला.

“वाईला असाच दावा होता. एका बाईंनी पैसे उसने दिलेले. समोरचा म्हणाला, फेडले, बाईंनी रोखा फाडला. कोर्टात जमा केलेला रोखा फायलीत मिळेना. बाई हरल्या, गावभर खोटारड्या ठरल्या. दोन महिन्यांनी मला तो दुसऱ्या दप्तरात सापडला, धडधाकट. दप्तर मीच बांधलं होतं, मालू. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. लाज वाटते गं.”

मालिनीने लॅपटॉप बाजूला सारला. “कोण होत्या त्या?”

“सरलाबाई,” दामोदर म्हणाले. “तू पास झालीस की पेढे घेऊन यायच्या त्या.”