शिगेचं गवत

जपानमधल्या आरितात चिनीमातीच्या भांड्यांवर रेघ पुरुषाने ओढायची आणि रंग बाईने भरायचा. शिगे एकोणीस वर्षं जाड कुंचल्याने निळा भरत होती. तिचा नवरा काकुसाबुरो त्याच कारखान्यात, पुरुषांच्या खोलीत बसून रेघा ओढी. शरदातल्या गवताची नक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या वसंतात नेमकं त्याच्या उजव्या हातालाच कापरं भरलं. बातमी फुटली असती तर काम गेलं असतं, आणि कामाबरोबर कारखान्याने दिलेलं घरही. "इथं गोंगाट फार होतो," असं मालकांना सांगून तो थाळ्या घरी आणू लागला. पहिलीच थाळी त्याने शिगेपुढे सरकवली.

"अहो, मला कुठं येतंय?"

"एकोणीस वर्षं माझ्या रेघांच्या आत फिरतेयस. आता रेघेवरून फीर. पण एक पातं इकडचं तिकडे नको."

मग पहाटे घरी रेघा ओढायच्या आणि दिवसभर कारखान्यात स्वतःच्याच रेघांत निळा भरायचा. शेजारच्या बाया म्हणत, "वहिनी, यंदा भाऊजींचं गवत कसं डुलतंय बघा!" शिगे मान वर करत नसे. ओसाकाच्या व्यापाऱ्याने तीनशे थाळ्या मागवल्या. सगळ्यांसमोर काकुसाबुरोचं कौतुक झालं. त्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला, जेवला नाही.

एका पहाटे शिगेचा हात ऐकेना. तिने एक पातं मधोमध मोडलं आणि त्यावर नाकतोडा बसवला.

मालक इवानागांनी तिला एकटीला बोलावलं. "हे कुणी काढलं?"

"मी. वसंतापासून सगळंच मी काढतेय, मालक."

"ठाऊक आहे. काकुसाबुरोचं गवत शिपायासारखं ताठ असायचं."

शिगेला वाटलं, सुटले. आता हाकलतील, नाहीतर रेघांच्या खोलीत बसवतील. काहीतरी एक होईल.

"ओसाकाला काकुसाबुरोचं गवत हवंय," मालक म्हणाले. "बाईचं कळलं तर माल परत येईल. तुम्ही काढत राहा, नाव त्याचं राहील. आणि पुन्हा नाकतोडा नको."

ती जागेवर येऊन बसली.

"काय म्हणाले, वहिनी?" शेजारच्या बाईने विचारलं.

"निळा पातळ झालाय म्हणाले."

सात वर्षांनी काकुसाबुरो वारला. मेलेल्या माणसाचं नवं गवत बाजारात कसं जाणार? मालकांनी ती नक्षीच बंद केली. दुसऱ्या दिवसापासून शिगे एका पोरसवदा कारागिराच्या बांबूच्या पानांत निळा भरू लागली.