हयातीचा दाखला

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन हयातीचा दाखला करून देणारा तो माणूस आमच्या अंजनगावात सगळ्यांना माहीत आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत अंगठ्याचं मशीन. चप्पल दाराबाहेर काढतो, खाटेशी उकिडवा बसतो आणि हळूच विचारतो, "माय, आहेस का वं?"

ज्याचा दाखला, त्यानंच "हाव" म्हणायचं. घरच्यांनी म्हटलेलं त्याला चालत नाही.

लकव्यानं माझ्या आईची वाचा गेलेली. दाखला नसला की तिचे निराधारचे पैसे बंद. मी चिडून म्हणालो, "अंगठा घ्या ना भाऊ, ते बोलत नाई."

"मशीनले अंगठा लागते, मले आवाज लागते," म्हणाला आणि बसूनच राहिला. चहासुद्धा घेतला नाही. ऊन खाटेवरून भिंतीवर चढलं तरी तो मधूनमधून तेच विचारत होता, तितक्याच मायेनं. त्या मायेची मला भीती वाटायला लागली.

दिवेलागणीला आईचे ओठ हलले. "हाव."

दोन वर्षांनी मी तिचा आवाज ऐकला. त्यानं तिचा अंगठा मशीनवर टेकवला, हिरवा दिवा लागला, तो निघून गेला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आई दाराकडे कान देते आणि "हाव" म्हणते. दारात कोणी नसतं.

काल ती बराच वेळ ऐकत राहिली. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "नाई."