उंदरांनी ऐकलेली पन्नी

“मेघा, हे तुझ्याच हातानं होतंय,” मी म्हणालो आणि कमिटीला द्यायची नोट तिच्यासमोर सरकवली. त्यात लिहिलं होतं : हँडलिंग सदोष. प्रयोग पुन्हा करावा. मुदतवाढ एक वर्ष.

मेघा माझी पीएचडीची विद्यार्थिनी. नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी फार्माकॉलॉजी शिकवायचो, म्हणजे औषध शरीरात जाऊन काय करतं ते. कळमेश्वरच्या एका औषध कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, पण दिवाळीआधी थिसिस सबमिट झाला तरच. वर्षभर लांबलं की नोकरी गेली. हे तिला माहीत होतं आणि मलाही. कमिटी सोमवारी होती, तो शुक्रवार होता.

आमचा प्रयोग भीतीवर होता. पांढरा उंदीर एका पेटीत ठेवायचा, खाली स्टीलच्या दांड्या. एक टोन वाजतो, आणि टोन संपता संपता पायाला हलका शॉक बसतो. दोन-चार वेळा असं झालं की पुढे नुसता टोन ऐकूनच उंदीर जागच्या जागी थिजतो. मिशासुद्धा हलत नाहीत. याला फ्रीझिंग म्हणतात. दुसऱ्या दिवशी वेगळ्या पेटीत ठेवून टोन वाजवायचा आणि तो किती सेकंद थिजतो ते मोजायचं. औषधानं हे सेकंद कमी होतात का, एवढाच मेघाचा प्रश्न.

मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, तो ही जोडणी करतो. हे मी वर्गात फार रंगवून सांगायचो. नशेचंही तसंच असतं म्हणायचो. बाटली नंतर, आधी बाटलीची खूण. खूण दिसली की माणूस गेलाच.

घोळ असा होता की आमचे उंदीर टोन वाजायच्या आधीच थिजत होते. पेटीत ठेवला, की पुतळा. आधीच थिजलेल्या उंदराची टोनची भीती मोजणार कशी? पेटी बदलली. भिंतींना वेगळा कागद लावला. स्पिरिटनं सगळं पुसलं. दांड्यांत करंट उतरतोय का म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावला. एसीच्या घरघरीवर संशय घेतला, मग अ‍ॅनिमल हाउस सांभाळणाऱ्या रामटेकेभाऊंवर. पिंजरे आपटता का म्हणून त्यांना झापलं. वीस वर्षं उंदीर सांभाळलेल्या माणसाला. शेवटी मेघावर आलो, तिच्या उंदीर हाताळण्यावर.

मेघानं नोट वाचली, खाली ठेवली आणि म्हणाली, “सर, गेल्या बुधवारी तुम्ही युनिव्हर्सिटीत होतात. मी एकटीनं चार उंदीर टेस्ट केले. चारही टोन वाजेपर्यंत मस्त फिरत होते.”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझ्या पाठीमागे टेस्ट करतेस, असं मी बरंच काही बोललो. ते इथे लिहायची लाज वाटते.

ती रडली नाही. म्हणाली, एकदा या. आम्ही आत गेलो. दारावर माझ्याच सहीची पाटी होती : आत खाण्यास व तंबाखूस सक्त मनाई. मेघानं शॉक घेतलेला एक उंदीर पेटीत सोडला, पेटीचं दार उघडंच ठेवलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसत होता. कोपरे हुंगत होता, मध्येच उभा राहून तोंड धूत होता. झकास.

आत थांबलेल्या रामटेकेभाऊंनी माझ्यापुढे हात केला. “साहेब, तुमची पन्नी द्या.”

“कोणती पन्नी?”

ते माझ्या डाव्या खिशाकडे पाहत राहिले. मेघा जमिनीकडे.

खर्रा आमच्या नागपुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो : सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत. पन्नी तळहातांत चोळायची आणि चिमूटभर तोंडात टाकायची. मला वाटायचं, मी खातो हे कोणाला कळत नाही.

मी पन्नी दिली. भाऊंनी ती पेटीजवळ नेऊन दोन्ही हातांत चोळली. कर्र, कर्र.

उंदीर थिजला. एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला.

 मी स्क्रीनवर वाकून पाहिलं.

मेघानं तंबाखूचा वास न लागलेली नवी कोरी पन्नी आणली आणि दुसऱ्या उंदराजवळ चोळली. तोही थिजला. मग ज्यांना कधीच शॉक दिला नव्हता त्यांतला एक घेतला. तो खुशाल फिरत राहिला.

शॉकचं बटण मी कोणाला दाबू देत नसे. विद्यार्थ्यांचा काय भरवसा, असं म्हणायचो. आणि बटण दाबायच्या आधी, पेटीचं दार लावता लावता, मी पन्नी चोळायचो. दरवेळी. टेस्टच्या वेळीही. प्लास्टिकच्या कर्रकर्रीत इतके बारीक आवाज असतात की आपल्याला ऐकू येत नाहीत, उंदराला येतात. आमच्या टोनच्या आधी माझाच टोन वाजत होता. आयुष्यभर खुणांवर लेक्चर दिलं आणि माझी खूण मला दिसली नाही.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” मी भाऊंना विचारलं.

“लय दिवसांपासून, साहेब.”

“मग सांगितलं का नाही?”

“काहून सांगू? सांगतलं असतं त मलेच बोलले असते तुमी.”

खरं होतं. मेघाही तेवढ्यासाठीच गप्प होती. सोळा उंदीर माझ्या पन्नीला भिऊन फुकट गेले. प्रयोगानंतर त्यांना जगवत नाहीत, हेही सांगून टाकतो.

शनिवारी मी नोट पुन्हा लिहिली. ‘हँडलिंग सदोष’ हे शब्द तसेच ठेवले, फक्त त्यापुढे माझं नाव घातलं. एक वर्षाऐवजी चार महिने मागितले. सोमवारी कमिटीतले एक सर हसले, बाकीचे हसले नाहीत. मुदत मिळाली, पण दिवाळी गेली. मी कंपनीला स्वतः फोन केला. जागा भरली होती. मेघाला हिंगण्याला नोकरी लागली, पण वर्ष उलटून गेल्यावर, आणि तिच्या मनाजोगी नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

नव्या उंदरांना शॉक मेघानं दिला. मी खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचो, रिकामा खिसा चाचपत.

आता रिटायर आहे. कधी कोणी प्रोफेसर भेटतो आणि पोरांचं हँडलिंग फार खराब म्हणून कुरकुरतो. मी त्याला एवढंच विचारतो, बटण कोण दाबतं?