जुलू, मंगोल आणि माणिकराव मास्तर

चार मास्तर एकाच खोलीत वीस वर्षं डबे खात बसले की किस्से आपोआप साठतात, कुणाला जमवावे लागत नाहीत. हिंगोलीच्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममधले निम्मे किस्से एकट्या माणिकराव मास्तरांचे. तो माणूस आता नाही. त्यामुळे सांगताना हसू येतं आणि मध्येच किस्सा अर्धा सुटतो. तेवढं सांभाळून घ्या.

माणिकराव इतिहास शिकवायचे. इंग्रजांची छावणी इथून कधीच उठली होती, पण तिथल्या कुणा साहेबाची एक पेटी फिरत फिरत जुन्या बाजारात आली. तिच्यात दोन इंग्रजी पुस्तकं निघाली. एक आफ्रिकेतल्या जुलू लोकांची भाषा शिकवणारं, दुसरं पार उत्तरेकडच्या मंगोल लोकांची. माणिकरावांनी दोन्ही उचलली आणि एका जाड वहीत दोन भाषांची तुलना मांडायला बसले. साल असेल चौतीस.

मी विचारलं, "मास्तर, काहून पण? या दोघींचा एकमेकींशी काय संबंध?"

"काहीच न्हाई!" ते खूश होऊन म्हणाले. "संबंध असलेल्यांचं कुणीबी जुळवील."

त्यांची हौस एकच होती. मरायच्या आधी यातली एक तरी भाषा जित्या माणसाच्या तोंडून ऐकायची. खोकला त्यांना तेव्हाच लागलेला होता, म्हणून या वाक्याला आम्ही कधी हसलो नाही.

*

एकदा मी त्यांच्या घरी बसलो होतो. वहिनी भाकरी थापत होत्या आणि मास्तर त्यांना समजावत होते, "जुलू सगळं शब्दाच्या तोंडाला जोडतो. माणूस म्हणजे उमुन्तू, माणसं म्हणजे अबान्तू. मंगोल सगळं शेपटाला लावतो. दोघं एकदम उलटे!"

वहिनी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "म्हणजे एक गाडी पुढून ओढून राहिला, एक मागून ढकलून राहिला. गाडी गावाला पोचल्याशी मतलब. आता जेवता का?"

मास्तरांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. माझ्या मते अख्ख्या वहीत शहाणं वाक्य तेच.

*

जुलू भाषेत जिभेचे टकटक आवाज असतात म्हणे. त्यातला एक थेट आपण घोडं हाकताना गालातून काढतो तसा. मास्तर स्टेशनवरून टांग्यात बसले आणि सवयीनं तो आवाज घोकू लागले. टांगेवाला अजून खालीच उभा, बिडी पेटवत. घोडं जे उधळलं ते कळमनुरीच्या रस्त्याला लागलं!

टांगेवाला अर्धा कोस पळाला. घोडं सापडलं तेव्हा मास्तर आत हर्षानं लाल झालेले. "अरे, तुझ्या घोड्याला जुलू येते!"

पुढं टांगेवाला त्यांना एकाच अटीवर बसवायचा, "गुर्जी, तोंड बंद ठेवायचं."

*

मंगोल माणसाच्या शोधात तर फारच फजिती झाली. औंढ्याच्या जत्रेत शिलाजित विकणारा एक बारीक डोळ्यांचा, टोपीवाला माणूस दिसला. मास्तर गर्दी कापत गेले, हात जोडले आणि वर्षभर पाठ केलेलं म्हणाले, "साइन बाइना ऊ?" म्हणजे, बरे आहात ना?

तो माणूस बावरला. "बाबूजी, मैं तो यहीं हिंदुस्तान का हूँ, अल्मोड़े का."

शरमेनं मास्तरांनी दोन डब्या शिलाजित घेतलं. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली.

*

तो काळ निजामी. मराठीचं वाचनालय काढायचं, सभा घ्यायची, तर परवानगी लागे. एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले आणि मास्तरांची वही त्यांच्या हाती पडली.

"ये कौनसी जबान है?"

"जुलू और मंगोल, साहब."

"इजाजत ली?"

"किससे लूँ, साहब? पूरी रियासत में बोलनेवाला एक नहीं!"

साहेब हसले आणि वही परत देऊन गेले. आम्हीही हसलो. मास्तर तेवढे खाली मान घालून बसले. म्हणाले, "जुलूला मोकळीक हाय. भ्यायचं ते फक्त मायबोलीला." मग आमचंही हसू गेलं.

*

जुलूंकडे गाईच्या रंगांना ढीगभर शब्द, मंगोलांकडे घोड्यांच्या. मास्तर म्हणाले, आपल्याकडेही कुणाकडे असतील. म्हणून आम्ही बाळापूरच्या वाटेवरच्या तांड्यावर गेलो, थावरा नाईकांकडे. त्यांचे वाडवडील हजारो बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले. म्हातारा तांड्याच्या बोलीत बैलांचे शब्द सांगत गेला आणि मास्तर लिहीत गेले. अचानक तो थांबला.

"अजून लई हैत, गुर्जी. पण रेल आली अन् बैल गेले. डोळ्यापुढं बैल न्हाई तर शब्द येऊन न्हाई राहिला."

म्हातारा उठून गोठ्यात गेला. गोठ्यात एक शेळी होती.

*

या थावरा नाईकांचा मुलगा सोमला लढाईत मिलिटरीच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. सेहेचाळीसला मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, परत आला आणि बोलता बोलता मला म्हणाला, "तिकडं माझा एक जुलू दोस्त होता."

मी त्याला तसाच हाताला धरून मास्तरांकडे नेलं. मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. क्षयानं त्यांची नुसती हाडं उरली होती, आणि आठवडा काढतील की नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तरी ते उठून बसले. "बोल रे. काहीबी बोल!"

"दोनच शब्द ध्यानात हैत, गुर्जी. रोज सुटी झाल्यावर बोलायचो. त्यांच्यात आपल्यावानी 'येतो', 'या' न्हाई. जो निघाला तो मागं राहणाऱ्याला म्हणतो, सालाकाहले. बरे राहा. अन् जो राहिला तो निघणाऱ्याला म्हणतो, हंबाकाहले. बरे जा."

मास्तरांनी पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बारा वर्षं मी चुकीचं म्हणून राहिलो!" असं म्हणून लहान मुलासारखे हसले. वही मागवून त्यांनी स्वतःच्या हातानं उच्चार दुरुस्त केला. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुपार कलली. आम्ही उठलो. सोमलानं दारातून वळून हात जोडले, "सालाकाहले, गुर्जी."

"चुकला तू," मास्तर म्हणाले. "ते मी म्हणायचं. तू दुसरं म्हण."

सोमला दारातून दोन पावलं परत आला. मास्तर वाट बघत राहिले. शेवटी मान खाली घालून तो म्हणाला, "हंबाकाहले, गुर्जी."

"सालाकाहले," मास्तर म्हणाले. आधी त्याच्याकडे बघून, मग माझ्याकडे, मग आतल्या दाराकडे.

आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या. "काय म्हणून राहिले हे?"

"काही न्हाई, माय," सोमला म्हणाला. "आमाला 'या' म्हणून राहिले."