समोरून वाचायचं ताट

आपल्या बायकालेकरांवर इतकं उघडउघड, भर बाजारात, लाज सोडून प्रेम करणारा माणूस मी अख्ख्या नागपुरात दुसरा पाहिला नाही. आणि मी माणसं कमी पाहिली नाहीत. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत चाळीस वर्षं बसलो, बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन, भांड्यांवर नावं घालत. लग्नाची भांडी, बारशाची भांडी, तेरवीला वाटायची भांडी. शाळा चौथीपर्यंत, पण या शहरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. एकच नाव माझ्या हातून उतरेना, माझ्या बायकोचं. ते पहिल्यांदा ज्यांनी घातलं त्या मास्तरांना भिंतीत खिळासुद्धा सरळ मारता येत नव्हता. त्यांचंच सांगतो.

मास्तर एका मिशनच्या शाळेत लॅटिन शिकवायचे. शेवटी शेवटी त्यांच्या वर्गात दोनच पोरं उरली होती आणि त्यातलं एक पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून यायचं. मास्तर रिटायर झाले म्हणून विषय बंद झाला, की विषय बंद झाला म्हणून मास्तर रिटायर झाले, हे मला आजवर कळलं नाही. मी तोंडावर बोलणारा माणूस. पहिल्याच भेटीत विचारलं, "मास्तर, हे लॅटिन कोणत्या गावात बोलतात?"

"आता कुठंच नाही."

"मंग तीस वर्षं शिकवलं काहून?"

"म्हणूनच गा. तिच्या घरचं कोणी राहिलं नाही. कोणीतरी विचारपूस कराले नको?"

मी छिन्नी उचलली.

त्यांच्या घरात चार मुली, चार जावई, नातवंडं चढत्या क्रमानं वाढत चाललेली. प्रत्येकाचं ताट वेगळं, पेला वेगळा, त्यावर नाव मराठीत आणि नावाखाली एक ओळ लॅटिनमध्ये. घरात बाळ आलं की लोक पेढ्यांच्या दुकानात धावतात, मास्तर माझ्याकडे धावायचे. बाळाचं तोंड धड पाहिलेलं नाही, नाव ठरलेलं नाही. मी म्हणायचो, "मंग घालू काय, माहं डोस्कं?" ते म्हणायचे, "लॅटिन घाल. नावाले जागा ठेव." ती ओळ कागदावर लिहून आणायचे. मला ती अक्षरं म्हणजे नुसती चित्रं. समोर पाहायचं आणि तशीच्या तशी उतरवायची. काहीतरी देवाधर्माचं असेल म्हणून मी आधी हात धुऊन घ्यायचो. दोन वर्षं धुतले. मग एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, या पेल्यावर लिहिलं काय आहे?" ते म्हणाले, "दूध संपव." मोठ्या नातीच्या वाटीवर होतं, ओठ पूस. आणि थोरल्या जावयाच्या ताटावर, भाजी चांगलीच झाली आहे. त्या दिवसापासून मी हात धुणं बंद केलं.

सायकल त्यांची लेडीज. मुलींसाठी घेतली होती; त्या लग्न होऊन गेल्या, सायकल राहिली, ती हे चालवायचे. पुढच्या टोपलीत बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा आणि त्याच्याच शेजारी कोथिंबीर. इतवारीच्या गर्दीत एखादा हातगाडीवाला अंगावर आला की मास्तर खाली उतरून त्याला लॅटिनमध्ये रागवायचे. शिवी कळत नाही म्हटल्यावर माणूस घाबरतोच. गाडीवाले हात जोडताना मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी बायको कौसल्या दुपारी माझा डबा घेऊन दुकानात यायची. तिला या रागावण्याचं भारी कौतुक. म्हणायची, "मास्तर, माह्या नवऱ्याले तुमच्या भाषेत एकदा चांगलं झापा ना." ते उभे राहायचे, कोट झटकायचे आणि माझ्याकडे बोट रोखून पाच मिनिटं गडगडायचे. ही पदर तोंडाला लावून हसायची. "काय म्हणाले वं ते?" मी चिडून विचारायचो. मास्तरच सांगायचे, "काही नाही गा. बाई उन्हात डबा घेऊन येते, तर निदान गरम आहे तोवर खात जा, म्हटलं."

रविवारी चर्चमधून आलं की सगळं घर एकत्र जेवणार, हा त्यांचा कायदा. एकही ताट रिकामं असेल तर कोणी घास उचलायचा नाही. एकदा आम्ही नवराबायको जेवायला गेलो होतो. धाकटा जावई अमरावतीहून येणार होता आणि त्याची एसटी वाटेत कुठंतरी बिघडली होती. तीन वाजले. मास्तर फाटकाशी उभे, हातात जावयाचं ताट, जसं काही तो ते पाहून लवकर येणार होता. शेवटी मास्तरीणबाई ओरडल्या, "अहो, तो पोहोचेस्तोवर इथली लेकरं उपाशी मारता का?" मास्तरांनी विचार केला आणि निकाल दिला, "वरण पिऊ द्या. वरण म्हणजे जेवण नाही."

माझ्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झाली, ती त्यांच्याच भांड्यावर. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी पितळेचं ताट घेतलं होतं. नाव मी आधीच घालून ठेवलं. मास्तरांनी ओळीचा कागद समोर ठेवला आणि गजरा आणायला गेले. मी घातली ओळ. परत येऊन पाहतात तर ओळ उलटी! नाव सरळ, आणि त्याखालची ओळ डोकं खाली पाय वर. कागद त्यांच्या बाजूनं ठेवलेला, मी जसा दिसला तसा कोरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोरलेलं काही पुसता येत नाही. म्हटलं, "मास्तर, दुसरं ताट मी देतो." त्यांनी ताट फिरवून फिरवून पाहिलं आणि एकदम हसले. "काहून? बरोबर आहे. नाव तिच्याकडे राहील, ओळ समोर बसणाऱ्याकडे. समोर मीच बसतो." आणि मरेपर्यंत ते रोज जेवणाआधी ती ओळ बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचे. तिचा अर्थ होता, तू समोर असलीस की मला भूक लागते.

मग माझी कौसल्या गेली. तेरवीला वाटायला एकवीस ताटल्या आणल्या. दुसऱ्या कोणाला नाव घालू द्यायचं मन होईना आणि माझा हात उठेना. तीन दिवस ताटल्या तशाच पडून. जेवणही जात नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मास्तर आले, कोट काढून माझ्या जागेवर बसले. "आण, मी घालतो."

"मास्तर, तुमच्यानं खिळा सरळ जात नाही."

"तुले कोणी सांगतलं?"

"तुमच्या घरच्या फोटोंनी."

ते ठोकत बसले. दुपार झाली तेव्हा पहिल्या ताटलीवर 'कौसल्या' उमटलं. 'कौ' आकाशात, 'स' आडवा पडलेला, 'ल्या' तर काठावरून खाली उडी मारतो की काय असा. बोटांतून रक्त आलेलं. मी पाहिलं आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मला राग आला. "हे असलं वाटलं तर ती वरून येऊन मले झोडपंल! उठा तिथून!" मास्तर लगेच उठले, जरा जास्तच लगेच. उरलेल्या वीस ताटल्या मी संध्याकाळपर्यंत घातल्या. एकेक अक्षर मोत्यासारखं. ते समोर बसून होते, बोटाला चिंधी बांधून.

मास्तर जाऊनही आता वर्षं झाली. मुली चार गावांना, ती भांडी चार घरांत. त्यांची वाकडी ताटली मात्र मी वाटली नाही. जेवायला बसलो की ती समोर ठेवतो, नाव माझ्याकडे करून. मोठ्यानं वाचतो. घरात ऐकायला कोणी नाही, तरी वाचतो. मग थोडी भूक लागते.