अंगावरून काय गेलं?

"अंगावरून काय गेलं? बैलगाडी?" असं मी एका बाईला विचारलं, आणि तेही लिहून घ्यायला पेन उघडून.

दुष्काळाचं साल होतं. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला महिनाभर गावोगावच्या डॉक्टरांकडे बसायला पाठवलं, रोग्याशी बोलायला शिकावं म्हणून. तोवर माझी गाठ फक्त मुडद्यांशी पडलेली, आणि ते काही तक्रार सांगत नाहीत. माझ्या वाट्याला जामखेड आलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेरच्या खोलीत टेबल दिलं. म्हणाले, "तपासायचं नाही. नुसतं विचारायचं आणि ऐकायचं."

ती बाई खडी फोडायच्या कामावर खाडा करून, जावेला घेऊन आली होती. बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग खाली बघत पुटपुटली, "दोन म्हैनं झालं, अंगावरनं जातंय."

माझ्या प्रश्नाला अख्खा बाक हसला. एक म्हातारा म्हणाला, "बैलगाडी न्हाई डाक्टर, यष्टी गेली आसंल!" कंपाउंडरनं वाकून माझ्या कानात सांगितलं, की बायका रक्तस्रावाला असंच म्हणतात. शरमेनं मी कागदात तोंड घातलं. वर पाहिलं, तर दोघींची जागा रिकामी.

डॉक्टरांनी कंपाउंडरला स्टँडवर पिटाळलं. गाडी सुटली होती.

माझ्या शेवटच्या दिवशी जाऊ पुन्हा आली, पोराचा खोकला घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, "ती कुठंय तुझी जाऊ?"

"गेली की ती. रगत थांबलंच न्हाई. लई म्हनलं चल, तर म्हनली, मरंन पर तितं न्हाई यायची."

डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहिलं. मग माझा कॉलेजचा फॉर्म ओढला आणि 'रोग्यांशी संवाद' या रकान्यात 'ठीक' असं लिहून सही केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परवा पुतण्याला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे आले, घर भरलं, आणि मी माझा ठेवणीतला किस्सा काढला. बैलगाडीला सगळे हसले, यष्टीला त्याहून जास्त. पुतण्या तेवढा म्हणाला, "काका, पुढं त्या बाईचं काय झालं?"

"काय व्हायचंय? औषध घेऊन गेली घरी."

सगळे पांगल्यावर बायको कपबशा उचलत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लग्नानंतर मला सांगितलंत, तेव्हा मेली होती ती."